त्याला कॉम्प्युटरला घाला!

घरात ऑटिझमचं निदान झालं की नातेवाइकांच्या सल्ल्यांना एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या महिन्यात, "काही नाही हो, आमचे भाऊजी पाचव्या वर्षी बोलायला लागले, आता गप्प बसत नाहीत." सहाव्या महिन्यात, "जेवताना हातात मोबाईल दिलात ना, त्यानंच झालं." आणि दोनेक वर्षांनी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आणि शॅडो टीचर यांचे पैसे भरता भरता एक एफडी मोडून झाली की, "त्याला कॉम्प्युटरला घाला! या मुलांचं डोकं त्यात भन्नाट चालतं म्हणे. तो मस्क नाही का?"

दुसरा आणि तिसरा सल्ला देणारं तोंड एकच असतं. स्क्रीननं पोराचं वाटोळं केलं आणि आता स्क्रीनच त्याचं भलं करणार. मधल्या काळात स्क्रीननं पक्ष कधी बदलला ते कळत नाही. महाराष्ट्रात हल्ली कुणाच्याच बाबतीत ते कळत नाही, तेव्हा सोडून देऊ.

मस्कचं प्रकरण असं. मे २०२१ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमाच्या मंचावरून त्यानं आपल्याला अ‍ॅस्पर्जर असल्याचं जाहीर केलं. अमेरिकी मनोविकार पुस्तिकेनं हे वेगळं निदान २०१३ मध्येच बंद करून ऑटिझमच्या एका छत्रीखाली घातलं होतं. पण अब्जाधीशाची रद्द झालेली नोटही चालते. तेव्हापासून आपल्याकडच्या आयांच्या डोक्यावर आणखी एक ओझं आलं. मूल बोलेल का, शी-शू सांगेल का, आपल्यामागे त्याचं कोण करेल, एवढ्या काळज्या कमी होत्या, म्हणून आता ते रॉकेट सोडेल का, हीही.

मस्क निदान जिवंत तरी आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी योअन जेम्स या गणितज्ञाबरोबर २००३ मध्ये न्यूटन आणि आइन्स्टाइनही याच रांगेतले असावेत, असा तर्क लढवला. मेलेला माणूस तपासायला फार सोयीचा. अपॉइंटमेंट चुकवत नाही आणि उलट बोलत नाही. (हे बॅरन-कोहेन म्हणजे 'बोराट'वाल्या साशा बॅरन कोहेनचे चुलत भाऊ. एकानं लोकांना कानकोंडं करायचं आणि दुसऱ्यानं लोक कानकोंडे का होतात ते मोजायचं, अशी घरात वाटणी झालेली दिसते.)

*

आता आकडे. सगळीच थाप आहे असं म्हणता येत नाही, ही खरी पंचाईत.

२००० साली अलास्काला निघालेल्या एका जहाजावर शंभरावर प्रोग्रामर होते आणि त्यांच्यात स्टीव्ह सिल्बरमन नावाचा पत्रकार. एका नामांकित प्रोग्रामरशी बोलताना कळलं की त्याची मुलगी ऑटिस्टिक आहे. पुढे सिलिकॉन व्हॅलीतल्या आणखी एका घरी तेच. डिसेंबर २००१ मध्ये 'वायर्ड' मासिकात त्याचा लेख आला आणि 'कॉम्प्युटरवाल्यांच्या घरी ऑटिझम' ही कल्पना जगभर फिरली. नंतर २०१५ मध्ये त्यानं 'न्यूरोट्राइब्ज' हे जाडजूड पुस्तक लिहून विषय बराच नीट मांडला. पण जाडजूड पुस्तकं वाचणारे वेगळे आणि सल्ले देणारे वेगळे.

मग आइंडहोवन. नेदरलँड्समधलं हे फिलिप्सचं गाव, तिथल्या सुमारे ३० टक्के नोकऱ्या तंत्रज्ञानातल्या. बॅरन-कोहेन यांच्या गटानं तिथल्या शाळांना विचारलं, तुमच्याकडे ऑटिझमचं निदान झालेली मुलं किती? दर दहा हजारांत २२९ निघाली. हारलेममध्ये ८४, उट्रेख्टमध्ये ५७. झालं! इंजिनिअर बाप, इंजिनिअर आई, ऑटिस्टिक मूल, समीकरण सुटलं. शाळांनी सांगितलं ते लिहून घेतलं, मुलांना कुणी तपासलं नव्हतं. शिकल्यासवरल्या पालकांच्या गावात डॉक्टर गाठणंही सोपं जातं. पण हे सगळं तळटिपेत, आणि तळटीप फॉरवर्ड होत नाही.

हाच प्रयोग पुण्यात करून दाखवा म्हणावं. तुलनेला माणसं आणणार कुठून? हिंजवडीत कॉम्प्युटरशी संबंध नसलेला माणूस शोधायचा तर वडापावच्या गाडीपर्यंत जावं लागेल, आणि तिथला स्पीकरही "पंधरा रुपये प्राप्त झाले" म्हणून ओरडतो. कोथरूडच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक इंजिनिअर सापडतील. त्यातले किती जण ओढीनं गेले आणि किती जणांना बारावीच्या निकालानंतर बापानं हाताला धरून नेलं, याची पाहणी कुठल्याच विद्यापीठाला सुचलेली नाही.

प्रश्नावलीची गंमत तर अजून बाकीच आहे. २००१ मध्ये याच केंब्रिजकरांनी ५० प्रश्नांची एक चाचणी काढली. आकड्यांचं आकर्षण वाटतं का? गाड्यांच्या नंबरप्लेटकडे लक्ष जातं का? पार्टीपेक्षा वाचनालय बरं वाटतं का? ही चाचणी शास्त्र आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांचे गुण साहित्य-इतिहासवाल्यांपेक्षा जास्त आले. देवगडात जाऊन 'हापूस ओळखता येतो का' असं विचारावं आणि मग देवगडकरांची जीभ जगावेगळी असल्याचा शोध लावावा, त्यातलाच हा प्रकार. पहाटे चारला उठून एकच तान वर्षभर घोटता का, असा प्रश्न त्यात असता तर आपली सगळी घराणी त्या कागदावर तंबोऱ्यासकट उभी राहिली असती. पण त्याला आपण साधना म्हणतो आणि वर पद्मश्री देतो.

अमेरिकेतला २०१३ चा एक अभ्यास लोक हमखास पुढे करतात. कॉलेजात गेलेल्या ऑटिस्टिक मुलांपैकी ३४ टक्क्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, गणित असं काहीतरी घेतलं, एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण २३ टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच येतं. त्याच अभ्यासात पुढे म्हटलंय की कॉलेजची पायरी चढणाऱ्यांत ऑटिस्टिक मुलांचं प्रमाण बाकीच्या अपंगत्वांच्या तुलनेतही तळाजवळ आहे. जी पोचली त्यांतली बरीच कॉम्प्युटरकडे गेली. जी पोचलीच नाहीत ती कशाकडे ओढली जातात, हे विचारायला त्यांच्या घरी जावं लागतं.

*

आता जरा मागे जाऊ, घरात कॉम्प्युटर नव्हते तिथे.

१९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवरचा अहवाल छापला. त्यातला पहिला, 'केस १', म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा डोनल्ड ट्रिप्लेट, जन्म १९३३. त्याला ओढ होती गरगर फिरणाऱ्या वस्तूंची. ठोकळे, तवे, हाताला लागेल ते जमिनीवर फिरवत बसायचा. आकडेही आवडायचे. आज जन्मला असता तर कुठे घालायचं ते पाहुण्यांनी चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं असतं. तेव्हा घालण्याजोगा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून पोरगा सुटला.

तो शिकला, पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत लागला. बँक आजोळची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ऑटिझमवर घरची बँक हा उपाय कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, पण गुण येतो. गोल्फ खेळायचा, स्वतःची गाडी चालवायचा, एकटा देशोदेशी हिंडून यायचा. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. रॉकेट एकही सोडलं नाही.

डोनल्डची एक दंतकथा गावात पन्नास वर्षं फिरत होती. शाळेत असताना पोरांनी त्याला विचारलं, या इमारतीच्या भिंतीत विटा किती? त्यानं एक नजर टाकली आणि आकडा सांगून मोकळा झाला. पोरं थक्क. अद्भुत डोकं! तो म्हातारा झाल्यावर जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर हे दोन पत्रकार त्याला भेटायला गेले आणि त्यांनी या विटांचं विचारलं. डोनल्डनं सांगितलं की मोजल्याबिजल्या काही नव्हत्या, आकडा ठोकून दिला होता. त्या पोरांनी आपल्याला बरं म्हणावं, एवढंच मनात होतं.

याला माणसांत रस नाही असं ज्याच्याबद्दल पहिल्यांदा छापून आलं, त्या माणसानं पोरांनी आपल्यात घ्यावं म्हणून विटांचा आकडा ठोकला. तो पक्का समाजशास्त्रज्ञ होता. गर्दीत शिरायला कोणतं तिकीट चालतं ते त्यानं बरोब्बर ओळखलं.

आणि गावानं घेतलं त्याला. पत्रकार जिथे जातील तिथे गावकरी हेच बजावत राहिले की डोनला त्रास दिलात तर तुम्हाला कुठे गाठायचं ते आम्हाला ठाऊक आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीत कुणी कुणासाठी अशी धमकी देतं का? धमकी येते, पण "तुमचा मुलगा लिफ्टची सगळी बटणं दाबतो" म्हणून, लेटरहेडवर, सचिवांच्या सहीनिशी.

*

हे 'कामाला येणारा ऑटिस्टिक' प्रकरण सिलिकॉन व्हॅलीत जन्मलेलं नाही. १९४४ च्या व्हिएन्नात डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी काही मुलांबद्दल लिहिलं की यांच्यात खास बुद्धी आहे, समाजात यांना जागा आहे. नाझी अमलात मुलांची बाजू घेणारा देवमाणूस म्हणून पुढे बरीच वर्षं त्यांचं कौतुक झालं. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकारानं जुने कागद बाहेर काढले. ज्यांच्यात काही आशा दिसली नाही अशा काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवावं, अशी शिफारस याच डॉक्टरांच्या सहीनं गेली होती. त्या संस्थेत ७८९ मुलं मारली गेली.

आपला पाहुणा बिचारा नाझी नाही, चहा पिऊन, पोह्यांची तारीफ करून घरी जातो. पण "याला काय छान येतं?" असं तो विचारतो तेव्हा त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतोच, की काहीच छान येत नसेल तर? पुढचं तो विचारत नाही. आई रात्रभर विचारत बसते.

आईवरून आठवलं. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम या गृहस्थांनी पुस्तक लिहून ऑटिझमचं खापर थंड, मायाहीन आयांवर फोडलं. ते खोटं ठरायला बरीच वर्षं आणि बऱ्याच आया खर्ची पडल्या. आता थंड आईच्या जागी गरम मोबाईल आला. जपानमध्ये ८४ हजार आई-मुलांच्या जोड्यांची एक पाहणी २०२२ मध्ये छापून आली. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलग्यांत तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान जास्त दिसलं. आता स्क्रीनमुळे मूल असं झालं, की मूल मुळातच असं होतं म्हणून त्याला शांत करायला स्क्रीन हाती आली, हे त्या आकड्यांतून सुटत नाही. पण पाहुण्याला सुटलंय. मोबाईल दिला कुणी? आईनं. खापर फिरून फिरून घरीच.

*

तर मग ओढ नसतेच का? असते. पुष्कळांना असते, आणि तिचं कारण कळायला केंब्रिजला जायला नको, जवळचं मंगल कार्यालय पुरे.

सनई चालू. सनईवर डीजे, डीजेवर गुरुजींचा माइक, माइकवर "निळ्या रंगाच्या स्विफ्टच्या मालकांनी गाडी काढावी". त्यात एक आत्या येऊन गाल ओढते, "ओळखलंस का मला?" खरं उत्तर 'नाही' असतं. ते दिलं की उद्धट. "जेवलास का?" याला 'हो' म्हटलं तरी ताटात जिलबी पडतेच, म्हणजे प्रश्न विचारलाच कशाला? डोळ्यांत बघून बोल म्हणतात, आणि ताईच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत बघून बोललं की तेही चालत नाही. आता याउलट कीबोर्ड. 'क' दाबला की 'क' येतो. काल आला, आज येतो, आत्या रुसली तरी येतो. उत्तर द्यायला चार मिनिटं लागली तर कर्सर लुकलुकत थांबतो, तोंड वाकडं करत नाही आणि बाजूच्याला "थोडा स्लो आहे का हा?" असं विचारत नाही.

स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बी यांनी हे १९६८ मध्येच ताडलं होतं. न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना त्यांनी कीबोर्डसमोर बसवलं. अक्षर दाबा, पडद्यावर काहीतरी उमटेल, आवाज येईल. दटावणारं कुणी नाही. बरीच मुलं बोलण्याकडे वळली, असा त्यांचा दावा होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून दावा तिथेच थांबला. १९७६ मध्ये एडिंबरातल्या सिल्विया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या हाती बटणांवर चालणारं यांत्रिक कासव दिलं. तो कासवात रमला आणि कासवाच्या निमित्तानं भोवतालच्या मोठ्या माणसांशीही संवाद साधू लागला. म्हणजे यंत्राच्या मागे लपलेलं मूल यंत्राच्याच बाजूनं बाहेर आलं. कासव काढून घेतलं असतं तर आलं नसतं.

डायना मरी या ब्रिटिश संशोधिकेनं दोन सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर दिलं. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर जातं, पण जातं ते पार तळापर्यंत, आणि तिथून अचानक उपटून काढलं की दुखतं. त्या खोलीत कॉम्प्युटर मावतो. तसंच रेल्वेचं टाइमटेबल मावतं, पंखा मावतो, डायनासोर, दगड, कॅलेंडर, गणपतीच्या आरत्याही मावतात. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेंपल ग्रँडिन गुरांत रमल्या. गुरांना न घाबरवता पुढे नेणारे त्यांचे वळणदार मार्ग अमेरिकेतल्या मोठमोठ्या कत्तलखान्यांनी घेतले. स्टीफन विल्टशर एकदा पाहिलेलं अख्खं शहर आठवून कागदावर काढतो. ब्रिटिश टीव्हीवरचे ख्रिस पॅकहॅम रमले पक्ष्याप्राण्यांत. पण "त्याला गुरांत घाला" असा सल्ला देणाऱ्याशी आपलं जन्माचं वाकडं येईल, आणि पंख्याकडे तासभर बघणाऱ्या पोराला पंख्याच्या कारखान्यात लावा असं कुणीच म्हणत नाही. ओढ कशाचीही असो, पॅकेज जिला असतं तिचंच नाव घ्यायचं.

शिवाय 'कॉम्प्युटर' म्हणजे नक्की काय? २०१३ मध्ये ऑटिस्टिक मुलांची त्यांच्याच भावंडांशी तुलना झाली. टीव्ही आणि गेमवर ही मुलं जास्त वेळ होती, सोशल मीडियावर मात्र भावंडांपेक्षा कमी. ज्या कोपऱ्यात माणसांची गर्दी आहे तो कोपरा टाळून बाकीचं यंत्र आवडलं. याला कुणी आजार म्हणत असेल तर मला याची लस नको, लागण हवी.

आणि माणसांशी जमत नाही हे तरी कितपत खरं? एडिंबराच्याच कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये आपला कानगोष्टींचा खेळ मांडला. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं दुसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. सरमिसळ केली की गळती सुरू. आता गळती कुणाच्या कानात आहे ते ठरवा. निदानाची फाइल मात्र एकाच बाजूची निघते.

*

दुपारची लोकल, कल्याण सुटलेलं. खिडकीशी नऊ-दहा वर्षांचा मुलगा, शेजारी आई, मांडीवर पाण्याची बाटली आणि डिसॅबिलिटी सर्टिफिकेटची फाइल, म्हणजे कुठून तरी शिक्का मारून किंवा न मारून परत. मुलगा गाडीतल्या बाईच्या आधी अर्धा सेकंद बोलतो. "पुढील स्टेशन, ठाकुर्ली." मग हिंदीत, मग इंग्रजीत, तिच्याच ठेक्यात. सूर असा जुळलेला की दोघांनी एकत्र रियाज केला असावा. ठाकुर्ली गेलं आणि बाईची गाडी एका स्टेशननं मागे राहिली. डबा डोंबिवलीत उभा, ती सांगतेय ठाकुर्ली. मुलानं कानावर हात ठेवले. "डोंबिवली. डोंबिवली आलं. चुकलं. डोंबिवली." आवाज चढत गेला. आईनं त्याच्या पाठीवर तळवा दाबून धरला, जोरात, शिकवलेल्या पद्धतीनं.

मग डब्यानं मान वर केली. तोवर सगळ्या माना खाली होत्या, प्रत्येकीच्या समोर एक चौकोन. समोरच्या गृहस्थांच्या चौकोनातून इअरफोनशिवाय एक रेसिपी ओरडत होती. तिचा आवाज तसूभरही कमी न करता त्यांनी आईला विचारलं, "मोबाईल फार बघतो का हो?"

"नाही," आई म्हणाली. "स्टेशनं बघतो."

एक आजोबा तेवढ्यात धडपडत उठले. त्यांना डोंबिवलीलाच उतरायचं होतं.

*

काहींना तर यंत्राची ओढ असणारच, कारण त्यांची वाचा त्यात आहे. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत, बुद्ध्यंक मोजलेल्या आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांत एक तृतीयांशाहून जास्त मुलांना बौद्धिक अपंगत्वही दिसतं. बोलता न येणारीही बरीच. त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं 'जेलो' हे अ‍ॅप बनवलंय, चेन्नईत 'आवाज' तयार झालंय. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट बोलतो, 'जेलो' तर मराठीतही. एका आईनं सांगितलेली गोष्ट. मुलगा टॅबलेट घेऊन शाळेत जाऊ लागला. आठवड्यात टॅबलेट दप्तराबरोबर बाईंच्या कपाटात. तक्रार काय? "दिवसभर एकच बटण दाबतो." कोणतं? "नको." सहा वर्षं त्या पोराला भात भरवला, केस कापले, झोके दिले, फोटोला हसवलं, आणि 'नको' म्हणायची सोय आत्ता झाली. साठलेलं होतं ते बाहेर पडत होतं. बाईंच्या लेखी तो स्क्रीन टाइम.

या मुलांना कॉम्प्युटरला घाला म्हणणारा कुणी नसतो. मस्कच्या रांगेत ती उभीच नाहीत.

*

बरं, जी आहेत त्यांचं तरी काय होतं? मुलगा खरोखर कोडिंगमध्ये तयार आहे असं धरू. डेन्मार्कच्या थोरकिल सोने यांनी, स्वतःच्या मुलाच्या निदानानंतर, २००४ मध्ये 'स्पेशलिस्टर्ने' ही कंपनी काढली आणि मुलाखतीऐवजी उमेदवारांपुढे लेगोचे रोबो ठेवले. करून दाखवा, बोलू नका. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीनं त्यांच्याबरोबर २०१३ मध्ये मोठी घोषणा केली की २०२० पर्यंत आपल्या नोकरवर्गात एक टक्का ऑटिस्टिक असतील. त्याआधीची छोटी चाचणी झाली होती आपल्या बेंगळुरूत, सहा सॉफ्टवेअर टेस्टर घेऊन. म्हणजे जमतं.

पण आपल्याकडची नेहमीची वाट वेगळी आहे. कॅम्पस इंटरव्ह्यू. आधी ग्रुप डिस्कशन, दहा पोरं गोल बसतात, विषय काहीही, जो दुसऱ्याचं वाक्य तोडतो तो लीडरशिपमध्ये पास. मग एचआर राउंड. "स्वतःबद्दल सांगा." कुठून सुरू करू? "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" आरशात. "तुमचा वीक पॉइंट?" आणि पोरगा खरा वीक पॉइंट सांगतो! संपलं. एखादा त्यातूनही आत गेलाच तर ओपन ऑफिस, डोक्यावर फडफडणारी ट्यूब, रोज बदलणारा डेस्क, दर शुक्रवारी 'फन अ‍ॅक्टिव्हिटी', आणि कुणाचा तरी वाढदिवस की अंगावर येऊन टाळ्या. ज्या धंद्यात म्हणे या लोकांचाच भरणा आहे, त्या धंद्याचं दार नेमकं आत्यानं सांभाळलंय.

ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी खात्यानं २०२१ मध्ये दिलेला आकडा असा की ऑटिस्टिक प्रौढांपैकी जेमतेम २२ टक्के कुठल्याही कामात होते, तर एकूण अपंगांत निम्म्याहून जास्त. इतकी ओढ आणि इतकं भन्नाट डोकं असूनही. आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव ठेवले. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. एका टक्क्याच्या बाकावर एवढे जण बसवायला लोकलचीच सवय हवी, चौथी सीट.

*

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिन. एका बड्या आयटी कंपनीनं गेल्या खेपेला मुलांना आपल्या ऑफिसात बोलावलं होतं. बिल्डिंगवर निळे दिवे, ते लुकलुकणारे. दारात ढोल-ताशा. आत सूत्रसंचालकाच्या हाती माइक, "आवाज कुणाचा?" वगैरे. निम्मी मुलं कानावर हात ठेवून भिंतीला चिकटली, एक जिन्याखाली गेलं. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. या विशेष मुलांना कॉम्प्युटरची उपजत ओढ असते, उद्याचा बिल गेट्स इथेच बसला असेल, टाळ्या, पुन्हा ढोल.

अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा मधेच दिसेनासा झाला. पळापळ. शेवटी तो सापडला शेवटच्या मजल्यावर, ट्रेनिंग रूममध्ये. दिवे बंद, दार लावलेलं, एसी चालू, कॉम्प्युटरच्या चार रांगा आणि सर्वांत मागच्या खुर्चीवर हा, डोळे मिटून. कंपनीच्या फोटोग्राफरला आनंदाचं भरतं आलं. त्यानं दार उघडलं, सगळे दिवे लावले, मुलाचा हात उचलून माउसवर ठेवला आणि फ्लॅश मारला. फोटो कंपनीच्या अंकात अर्धं पान छापून आला आहे, खाली 'उपजत ओढ!' असं उद्गारचिन्हासकट. मॉनिटर बंद आहे, त्यात फोटोग्राफर दिसतो.